ससा खातोय तोवरच डॉक्टर शोधून ठेवा

कराडहून एका ताईंनी विचारलंय. त्यांच्याकडे बर्फी नावाची तीन वर्षांची मादी आहे. महिनाभर झाला, गाजराचा तुकडा तोंडात धरते आणि टाकून देते. हनुवटी सारखी ओली असते, लेंड्या बारीक झाल्यात. गावातल्या एकाने नेलकटरने पुढचे दात कापून दिले. चार दिवस बरं गेलं, मग पुन्हा तेच. पुण्यातल्या एका दवाखान्यात भूल देऊन दाढा घासायचे १२,००० रुपये सांगितले. ताई म्हणतात, "ससा आणला पाचशेला आणि दातांचे बारा हजार? ही लूट नाही का? आणि आमच्यासारख्या गावात सशाचा चांगला डॉक्टर शोधायचा तरी कसा?"

मला पशुवैद्यकीत बावीस वर्षं झाली. पहिली नऊ गाई-म्हशींच्या गोठ्यात गेली, नंतर लहान प्राण्यांचा दवाखाना काढला. आता आठवड्याला दहा-बारा ससे येतात, आणि त्यातले निम्मे तरी उशिरा येतात. म्हणून ताईंच्या प्रश्नात मला तिसराच प्रश्न दिसतो. डॉक्टर कुठे आहे आणि किती घेतो हे आपण शोधायला लागतो ते ससा जेवायचा थांबल्यावर. त्या वेळी ना शोधायला वेळ उरतो, ना घासाघीस करायला. सशाचा बहुतेक खर्च हा उशिराचा खर्च असतो.

आधी बारा हजारांचं बघू. सशाला २८ दात असतात आणि ते सगळे, मागच्या दाढांसकट, जन्मभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर वाढतात. दिवसभर गवत चावताना जबडा आडवा फिरतो, त्यात दाढा घासल्या जाऊन वाढ आणि झीज यांचा मेळ बसतो. गाजर, बिस्किट, पोळी, दुकानातलं रंगीत दाणा-मिश्रण हे दोन चाव्यांत संपतं, घासणं होतच नाही. मग दाढांना कडेने काटे फुटतात. खालचे काटे जिभेला कापतात, वरचे गालाला. ससा भुकेला असतो, अन्नाकडे धावत येतो, तोंडात घेतो आणि दुखलं की टाकतो. लाळ गळते, हनुवटी भिजते. ताईंनी केलेलं वर्णन हे जवळजवळ पुस्तकातलं आहे, तरी तोंडात पाहिल्याशिवाय शिक्कामोर्तब करणार नाही.

पुढचे दात लांब दिसतात ते बहुतेक वेळा मागच्या दाढांमुळे. दाढा वाढल्या की जबडा नीट मिटत नाही, पुढचे दात एकमेकांवर घासत नाहीत, आणि दिसतात तेवढेच आपण कापतो. नेलकटरने तर दात उभा चिरतो, कधी मुळापर्यंत. तिथून पू झाला तर तो सशात दह्याच्या घट्ट चक्क्यासारखा असतो, सुईने ओढून निघत नाही. असं कापणं थांबवा, ही पहिली विनंती.

आता दाढा पाहायच्या तर सशाचं तोंड अरुंद, उघडतं जेमतेम बोटभर. जागेपणी कान तपासायच्या दुर्बिणीने डोकावता येतं, पण घासता येत नाही. त्यासाठी भूल लागते, आणि सशाची भूल कुत्र्याच्या भुलीपेक्षा अवघड असते. श्वासनलिकेत नळी घालणं कठीण, अंग पटकन गार पडतं, भीतीनेच निम्मा जीव जातो. एकाने फक्त श्वास आणि नाडी पाहत बसायचं, दुसऱ्याने दाढा घासायच्या, तासभर दोघं अडकलेले. वर कवटीचा एक्स-रे. माझ्याकडे हे सगळं धरून सहा ते आठ हजारांत जातं. पुण्या-मुंबईत भाडं, माणसं, यंत्रं यांचा बोजा जास्त, तिथे बारा हजार मला लूट वाटत नाही. मात्र त्यात काय काय धरलंय ते विचारा. एक्स-रे, रक्ततपासणी, नंतरची वेदनाशामकं, एक रात्र ठेवून घेणं हे आत असेल तर आकडा रास्त आहे. नुसतं घासायचे बारा हजार असतील तर दुसरीकडे चौकशी करा. आणि पाचशेचं काय? भुलीच्या औषधाला सशाची किंमत कळत नाही हो. फुकट मिळालेल्या सशालाही तेवढंच लागतं.

डॉक्टर सापडत नाही याचं कारणही समजून घ्या, म्हणजे शोधणं सोपं जाईल. आमच्या शिक्षणात ससा आला तो लोकरीचा, मांसाचा आणि प्रयोगशाळेतला प्राणी म्हणून. घरात सोफ्यावर बसणारा, नाव असलेला ससा अभ्यासात नव्हताच. त्यामुळे ज्याला ससे येतात तो काम करत शिकतो, ज्याला येत नाहीत तो शिकत नाही. शहरातला कुत्र्या-मांजरांचा चकचकीत दवाखाना सशाला छोटं मांजर समजतो, आणि तिथेच चुकतं. सशाच्या पोटाचं कूळ घोड्याच्या जवळचं. दोघांचंही अन्न मागच्या आतड्यात आंबतं, दोघांनाही उलटी करता येत नाही, पोटात वायू धरला की दोघांच्याही जिवावर बेततं, दोघांच्याही दाढा वाढतात आणि घासाव्या लागतात. म्हणून सांगते, तालुक्याला गाई-घोड्यांत हात मुरलेला डॉक्टर असेल तर त्याला कमी लेखू नका. "मी ससे बघत नाही" असं तो म्हणाला, तर निदान तो खरं बोलतोय. त्याला विचारा, "सर, सशात काम करणाऱ्या कुणाशी मी फोन जोडून दिला तर तुम्ही हाताने तपासाल का?" माझ्याकडे असे फोन येतात. तिकडचे डॉक्टर पोट चाचपून सांगतात, ताप सांगतात, मी औषध आणि मात्रा सांगते, ते इंजेक्शन देतात. बर्फीसारख्यांचं निम्मं काम अशा जोडीने होतं. दाढा मात्र फोनवर घासता येत नाहीत.

कराडच्या ताईंसाठी सगळ्यात जवळचं मोठं ठिकाण म्हणजे शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय. पुण्याच्या वाटेवरच आहे, पुण्याच्या अलीकडे पन्नासेक किलोमीटर. महाविद्यालयाच्या चिकित्सालयात एक्स-रे, भूल, शस्त्रक्रियेचे शिक्षक असं सगळं एका छताखाली असतं आणि शुल्क खासगीपेक्षा बरंच कमी. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असतंच, मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच आवारात आहे. नागपुरात सेमिनरी हिल्सला महाविद्यालय आहे, मराठवाड्यात परभणी आणि उदगीरला. तोटा एकच, तिथे वेळ जातो. रांग असते, विद्यार्थी चार वेळा तपासतात, ससा घाबरतो. म्हणून आधी फोन करून विचारा की लहान प्राण्यांच्या शस्त्रक्रियेचे शिक्षक कोणत्या दिवशी असतात आणि सशाच्या दाढा ते करतात का. ठरवून होणाऱ्या कामासाठी महाविद्यालय, रात्री-बेरात्रीच्या कामासाठी जवळचा डॉक्टर, अशी विभागणी ठेवा. आणि कुठेही गेलात तरी तो माणूस खरोखर नोंदणीकृत पशुवैद्य आहे ना हे पाहा. महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही. दुकानदार, "प्राण्यांचा जाणकार" किंवा नेलकटरवाले काका यांच्याकडे तो नसतो.

डॉक्टर चांगला की नाही हे फोनवर ओळखायचं कसं? परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारू नका, आम्हीही माणसं आहोत, चिडतो. पण दोन गोष्टी सहज विचारता येतात. पहिली: "ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का?" कुत्र्याला ठेवतात, कारण भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. सशाला उलटीच होत नाही, आणि रात्रभर उपाशी ठेवलं तर आतडं थंडावतं. "सकाळपर्यंत गवत खाऊ द्या, येताना सोबत आणा" असं उत्तर आलं की समजा, या माणसाने ससे हाताळलेत. दुसरी: "तोंडाने कोणतं अँटिबायोटिक देता?" इथे अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन हे नाव आलं तर नम्रपणे नमस्कार करून फोन ठेवा.

हे दुसरं मी पुस्तकातून शिकले नाही. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी एका मास्तरांनी पायाला गळू झालेला ससा आणला होता. कुत्र्यांना देतात ते अमॉक्सिसिलिनचं पातळ औषध मी पाच दिवसांसाठी लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी जुलाब लागले, चौथ्या दिवशी ससा गेला. सशाच्या आतड्यातले चांगले जंतू या औषधाने मरतात, त्यांच्या जागी विष सोडणारे वाढतात. मास्तर सांगायला आले तेव्हा उरलेले पैसेही घेऊन आले होते. मी घेतले नाहीत, पण कारणही सांगितलं नाही, कारण तेव्हा ते मलाच माहीत नव्हतं. पिसवांसाठी मानेवर टाकायचं फिप्रोनिलही तसंच, कुत्र्याला चालतं, सशाला घातक ठरू शकतं. तेव्हा घरातलं कुत्र्याचं, मांजराचं किंवा बाळाचं औषध सशाला परस्पर देऊ नका, डॉक्टर शेजारचेच असले तरी विचारून घ्या.

पैशांचं बोलायला लोक लाजतात, आणि ती लाज फार महाग पडते. दवाखान्यात शिरल्या शिरल्या सांगा, "डॉक्टर, आज माझ्याकडे चार हजार आहेत. आज काय केलंच पाहिजे आणि काय पंधरा दिवसांवर ढकलता येईल?" ज्याला काम येतं त्याला या प्रश्नाचं उत्तर देता येतं. बर्फीच्या बाबतीत मी म्हणेन, आज तपासणी, वेदनाशामक, हाताने भरवायला शिकवणं. एक्स-रे आणि दाढा आठवड्याभरात. रक्ततपासणी तिचं वजन आणि तब्येत पाहून. वेदनाशामकावर कधीच काटकसर करू नका, दुखत असलेला ससा खात नाही आणि न खाणारा ससा मरतो. उलट दर फेरीला बी-कॉम्प्लेक्स, कॅल्शियमचं टॉनिक, "ताकदीचं" इंजेक्शन असं बिलात दिसत असेल तर कशासाठी ते विचारा. कॅल्शियम तर सशाला वरून बहुधा लागतच नाही, जास्तीचं तो लघवीवाटे टाकतो आणि मूत्राशयात खर साचते.

खरी बचत दवाखान्यात नाही, चाऱ्यात आहे. परदेशी टिमोथी गवताची पाकिटं पाहून लोक घाबरतात. मिळत असेल, परवडत असेल तर घ्या. नसेल तर आपल्याकडे हरळी आहे. गणपतीला दूर्वा विकणाऱ्या मावशींशी वर्षभराचं ठरवून ठेवलेली माझी एक पेशंट आहे, म्हणजे तिचा ससा पेशंट आहे. गिन्नी गवत, ओटचा चारा, मारवेल हे गोठेवाल्याकडून पेंढीने मिळतं. फवारणी न झालेलं, रस्त्याकडेचं नसलेलं घ्या, निवडून सावलीत वाळवा. लसूणघास पिलांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार. रोजच्या खाण्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त गवत, वर मूठभर कोथिंबीर किंवा मुळ्याची पानं, आणि गाजर म्हणजे आपल्याला पेढा तसं. पाणी चोवीस तास भरलेलं. ससा विकणारे अजूनही सांगतात, "पाणी देऊ नका, मरतो." मरतो तो पाण्यावाचून.

मादीचं गर्भाशय काढण्याबद्दलही ताईंनी मागाहून विचारलंय. हा एकदाच होणारा खर्च आहे आणि माझ्या मते करण्याजोगा. चार वर्षांपुढच्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग खूप आढळतो, काही जातींत निम्म्याहून जास्त. पण हे परिस्थितीवर आहे. जवळ सशाच्या भुलीत तरबेज कुणी नसेल तर घाईने कुणाकडूनही करून घेण्यापेक्षा दोन महिने थांबून शिरवळ किंवा पुण्याला जा. एप्रिल-मेमध्ये शक्यतो नको. नर-मादी जोडी असेल तर आधी नराचं करा, ते सोपं आणि स्वस्त आहे. मात्र त्यानंतर साधारण सहा आठवडे दोघांना वेगळं ठेवा, नाहीतर महिन्याने घरात सहा पिलं आणि डॉक्टरला शिव्या.

विम्याच्या भरवशावर राहू नका. घरगुती प्राण्यांचा विमा म्हणजे बहुतेक कुत्रा आणि मांजर. त्यापेक्षा पोस्टात महिना पाचशेची आवर्ती ठेव काढा, वर्षाला सहा हजार जमतात, म्हणजे एकदा दाढा किंवा एकदा रात्रीची धावपळ. माझ्याकडे येणाऱ्या पाच घरांनी मिळून सशांची भिशी चालवली आहे. नंबर सोडत काढून नाही, ज्याचा ससा आजारी त्याला. दीड वर्षात एकदाही भांडण झालेलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आता रात्रीच्या धावपळीचं, कारण दाढांना आठवड्याची मुदत मिळते, पोटाला मिळत नाही. सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही आणि लेंड्या टाकल्या नाहीत, तर "उद्या बघू" म्हणू नका. घरात स्वयंपाकाचा वजनकाटा, डिजिटल थर्मामीटर आणि बिनसुईच्या दोन सिरिंजा ठेवा, सगळं मिळून हजारभरात येतं. सशाचं नेहमीचं तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सियस. ३८ च्या खाली घसरलं आणि कान गार लागले तर कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवा आणि निघा. पोट मऊ असेल, ससा गिळत असेल, तर सशाचं पेलेट खाद्य (दुकानात मिळणाऱ्या दाबलेल्या चाऱ्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून, गाळून, सिरिंजने तोंडाच्या कडेने थोडं थोडं भरवता येतं. पोट ढोलासारखं ताठ असेल तर काहीही भरवू नका. आतडं अडलेलं असू शकतं, त्यात भर घातली की फुटतं. तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांना एक गोष्ट माझ्याकडून सांगा: अशा वेळी मधुमेहींच्या साध्या ग्लुकोमीटरवर सशाची साखर पाहावी. साडेतीनशे-चारशेच्या पुढे गेली तर अडथळ्याची दाट शंका घ्यायची, आणि आतडं चालवायचं औषध देण्याआधी एक्स-रे काढायचा. शंभर रुपयांच्या आत होणारी ही तपासणी कधी कधी शस्त्रक्रियेची वेळ चुकू देत नाही.

हेही सांगायला हवं की सगळ्याच दाढा बऱ्या होत नाहीत. मुळं वाकून जबड्याच्या हाडात शिरली असतील, तिथे पू असेल, तर दर सहा-आठ आठवड्यांनी भूल, दर वेळी खर्च, आणि मधले दिवस दुखण्यात. काही घरं ते वर्षानुवर्षं करतात, काहींना जमत नाही. न जमणाऱ्यांना मी वाईट म्हणत नाही. अशा सशाला शांतपणे झोपवणं हाही उपचारातलाच भाग आहे. म्हणून एक्स-रेचे पैसे वाचवू नका. बर्फी कोणत्या गटात आहे हे तिच्या कवटीचा फोटोच सांगेल, आणि मग बारा हजार घालायचे की नाही हे तुम्हाला डोळे उघडे ठेवून ठरवता येईल.

तर ताई, आज रात्री बर्फीचं वजन करा आणि वहीत लिहा. रोज त्याच वेळी करा. दोन दिवसांत शंभर ग्रॅमने उतरलं तर आठवडाभर थांबू नका. गाजर बंद, हरळी बारीक कापून आणि भिजवलेलं खाद्य चालू. उद्या सकाळी तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटून वेदनाशामक सुरू करून घ्या, सशाला चालेल असं, वजनावर मोजून. मग शिरवळला फोन. जायचं ठरलं की पहाटे निघा, ऊन चढायच्या आत पोहोचा. खोक्याला भोकं पाडा, तळाशी तिच्याच पिंजऱ्यातलं जुनं फडकं घाला, त्याला तिचा वास असतो. हरळीची जुडी सोबत घ्या, वाटेत तिने एक काडी जरी चावली तरी डॉक्टरांना सांगा. आणि ती गाजर तोंडात धरून टाकते त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आजच काढून ठेवा. दवाखान्याच्या टेबलावर ससे काहीच खात नाहीत, आणि मग आम्हाला वाटतं की घरचे उगीच काळजी करतायत.